गोठ्यातले टॉनिक आणि घरातले मांजर : आजारी मांजराला पूरक पोषण देताना

शेतकऱ्याच्या घरी मांजर पाळले जाते असे म्हणण्यापेक्षा ते तेथे राहते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कणगीच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीत किंवा चुलीच्या उबेला ते आपली जागा आपणच शोधते आणि उंदरांपासून धान्य राखण्याचे काम कोणी न सांगता करते. गाईच्या माजाची, गाभणकाळाची आणि दुधाची नोंद ठेवली जाते; मांजराची मात्र कोणतीच नोंद नसते. त्यामुळे त्याचे आजारपण उशिरा लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर घरातील माणसांचा हात जवळच्या बाटलीकडे जातो. दूध उत्पादकाच्या घरी ही बाटली बहुधा गाईच्या कॅल्शियमची किंवा यकृताच्या टॉनिकची असते. फडताळात लहान मुलांचे जीवनसत्त्वांचे सिरप असते, तापाची गोळी असते.

विस्तार कार्यकर्त्याला गोठ्याच्या भेटीत गाई-म्हशींचे प्रश्न संपल्यावर, निघता निघता विचारले जाते, "मांजर दोन दिवस काही खात नाही. गाईचे टॉनिक थोडे पाजले तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु नुसते 'नाही' सांगितल्याने घरातील माणसाचे समाधान होत नाही आणि मांजराचे भलेही होत नाही. का नाही, आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगता आले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने मांजराच्या पोषणाविषयी लिहावे याला दोन कारणे आहेत. मांजराच्या अशक्तपणामागे पुष्कळदा पिसवा असतात, हे पहिले. दुसरे असे की, एकच द्रव्य एका प्राण्याला निरुपद्रवी आणि दुसऱ्याला घातक का ठरते, हा कीटकनाशकांच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे. मांजर हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

अमरावतीहून आलेले एक निरीक्षण

महाराष्ट्रात मांजर, उंदीर आणि पिसू यांचा संबंध शास्त्रीय चर्चेत आला तो प्लेगच्या साथीमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. पुढील दहा-बारा वर्षांत मुंबईत, विशेषतः परळच्या प्रयोगशाळेत, झालेल्या संशोधनातून उंदरावरील पिसू हीच या रोगाची वाहक असल्याचे प्रस्थापित झाले. याच काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकानन यांनी वऱ्हाडातील गावांचे निरीक्षण करून, जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेगचा उपद्रव कमी, असे प्रतिपादन केले. त्यांचा लेख १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगची लागण मांजरालाही होऊ शकते, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्यामुळे मांजर म्हणजे प्लेगविरुद्धचे कवच असे म्हणता येणार नाही. तरीही धान्य आणि उंदीर यांच्यामध्ये उभा असलेला हा प्राणी शेतकरी कुटुंबाच्या आरोग्याशी जोडलेला आहे, ही बुकानन यांची दृष्टी आजही मोलाची वाटते. अशा प्राण्याच्या आजारपणाकडे किरकोळ बाब म्हणून पाहू नये.

द्रव्य एक, शरीरे निराळी

मॅलेथिऑन हे कीटकनाशक किडीला मारते. परंतु सस्तन प्राण्यांच्या शरीरातील विशिष्ट विकरे त्याचे वेगाने विघटन करतात, म्हणून योग्य प्रमाणात ते त्यांना तुलनेने कमी घातक असते. यालाच निवडक विषारीपणा म्हणतात. विष किती दिले याबरोबरच कोणत्या शरीराला दिले, यावर परिणाम ठरतो.

मांजराच्या बाबतीत हा नियम उलट्या बाजूने लागू पडतो. माणूस, गाय आणि कुत्रा यांच्या यकृतात अनेक औषधी द्रव्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडले जाते. त्यामुळे ती पाण्यात विरघळणारी होतात आणि मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडतात. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे. परिणामी जे द्रव्य आपल्या शरीरातून काही तासांत निघून जाते, ते मांजराच्या शरीरात रेंगाळते किंवा दुसऱ्या, अधिक घातक मार्गाने विघटित होते.

पॅरासिटामॉल हे याचे ठळक उदाहरण आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ किलो वजनाच्या मांजराला दिली तर मात्रा प्रतिकिलो १२५ मिलिग्रॅम होते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. हिरड्या तपकिरी होतात, चेहरा व पंजे सुजतात, श्वास लागतो. गोचिडांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, पर्मेथ्रिन ही पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकेही मांजराला अशीच बाधतात. गाईवर फवारलेले द्रावण उरले म्हणून ते मांजराला चोळणे, किंवा कुत्र्याच्या मानेवर टाकावयाचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे, यांतून कंप, आचके आणि मृत्यू ओढवू शकतो. आधीच अशक्त असलेले मांजर अंग चाटते आणि ते विष पोटातही घेते.

मांजराचे रक्तही निराळे आहे. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडणारे गंधकयुक्त गट माणसात २, कुत्र्यात ४, तर मांजरात ८ असतात. म्हणूनच कांदा, लसूण किंवा त्यांची पूड घातलेला रस्सा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. "अशक्त आहे, मटणाचा रस्सा पाजला" या मायेपोटी केलेल्या उपायात हा धोका असतो. मांस द्यायचे ते मीठ, मसाला, कांदा आणि लसूण यांविना उकडलेले असावे.

हाच विचार सिरपच्या बाटलीलाही लागू होतो. बाटलीतील जीवनसत्त्व निर्दोष असेल. पण ते ज्यात विरघळवले आहे ते प्रोपिलीन ग्लायकॉल मांजराच्या तांबड्या पेशींना इजा करते. अमेरिकेत १९९६ मध्ये मांजराच्या खाद्यात त्याचा वापर करण्यास बंदी घालण्यात आली. परिरक्षक म्हणून वापरले जाणारे बेंझॉइक आम्लही मांजराला अल्प प्रमाणात बाधते. लेबलावरील मुख्य घटकांइतकेच बारीक अक्षरांतील घटक वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.

मांजराला अन्नातूनच काय मिळावे लागते

काशीच्या मणिकर्णिका घाटाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्यादेवी होळकरांचे नाव जोडलेले आहे. तेथे गेलेल्या यात्रेकरूंनी पार्थिवांवरून उतरवलेल्या झेंडूच्या माळा गाई-शेळ्यांना खाताना पाहिल्या असतील. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील सूक्ष्मजीव अशा पाला-फुलांचेही अन्न करतात आणि 'ब' गटातील बहुतेक जीवनसत्त्वे स्वतः तयार करून त्याला पुरवतात. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून गाय 'अ' जीवनसत्त्व बनवते. त्याच पायरीवर बसलेल्या मांजराला हे साधत नाही. त्याच्या शरीरात कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर होत नाही, उन्हात बसून पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ट्रिप्टोफॅनपासून पुरेसे नायसिनही बनत नाही. ही सर्व द्रव्ये त्याला प्राणिज अन्नातून तयार स्वरूपातच मिळावी लागतात.

टॉरिनची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. टॉरिन हे मांस, हृदय आणि मासे यांत असणारे अमिनो-आम्ल आहे. ते अन्नातून न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल क्षीण होते, हे १९७५ मध्ये हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायॉन आणि सहकाऱ्यांनी हृदय प्रसरण पावून निकामी होणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असल्याचे दाखवले. अशा मांजरांना टॉरिन दिल्यावर हृदयाचे कार्य सुधारले. ही मांजरे बाजारातील तयार खाद्य खात होती. त्यानंतर खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. पूरक द्रव्याने प्राण वाचतात, याचे याहून चांगले उदाहरण नाही. मात्र तेथे आधी उणीव सिद्ध झाली आणि नंतर पूरक दिले गेले, हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता गाईच्या टॉनिककडे पुन्हा पाहू. गाय टॉरिन स्वतः बनवते. म्हणून तिच्या टॉनिकमध्ये ते घालण्याचे कारणच नाही. त्यात असते ते कॅल्शियम, स्फुरद, 'ड' जीवनसत्त्व आणि सूक्ष्म खनिजे, म्हणजे दुभत्या जनावराला जे कमी पडते ते. मांजराला जे हवे ते त्या बाटलीत नाही, आणि जे आहे ते त्याला नको आहे. वयस्क मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार वारंवार आढळतो. अशा मांजराला जादा स्फुरद देणे म्हणजे आजार वाढविणे होय. माणसांसाठी मिळणारी 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी किंवा गोळी ४ किलोच्या मांजराला दिली, तर प्रतिकिलो १५,००० एकके होतात. एवढ्या मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

नैसर्गिक अन्नातही अतिरेक नको. रोज केवळ यकृत खाणाऱ्या मांजरात 'अ' जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांस जखडतात. काही कच्च्या माशांत थायमिन नष्ट करणारे विकर असते. केवळ असे मासे खाणाऱ्या मांजराची मान खाली झुकते, तोल जातो आणि झटके येतात. मांजर डोळे मिटून दूध पिते हे खरे. पण प्रौढ मांजराला दुधातील शर्करा पुरती पचत नाही. आजारपणात दुधाने हगवण लागली तर शरीरातील पाणी आणखी कमी होते.

अशक्तपणाचे कारण आधी शोधावे

मलूल मांजर दिसले की "रक्त कमी आहे, लोहाचे टॉनिक द्यावे" असा विचार येतो. रक्त कमी असेलही. पण ते जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे.

मांजरावरील पिसवेची एक मादी दिवसाला सरासरी १३.६ मायक्रोलिटर रक्त पिते. म्हणजे सुमारे ७२ माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त शोषतात. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्त ३० मिलिलिटरच्या आसपास असते. शंभर-दीडशे पिसवा अंगावर असलेल्या पिल्लाला कोणतेही टॉनिक वाचवू शकत नाही. आधी पिसवा काढाव्या लागतात.

पिसवा दिसत नसल्या तरी त्यांची खूण सापडते. बारीक दातांच्या फणीने अंग विंचरावे आणि फणीतील काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. कणांभोवती तांबूस वलय उमटले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेच वाळलेले रक्त होय. पिसवांच्या अळ्या हीच विष्ठा खाऊन वाढतात. कोष धुळीत, गोणपाटांच्या घड्यांत आणि भिंतीच्या फटींत पडून राहतात. म्हणून मांजराच्या बसण्याच्या जागेची झाडलोट, अंथरुणाला कडक ऊन आणि गोणपाट बदलणे हा उपचाराचाच भाग आहे. अंगावर लावण्याचे औषध 'मांजरासाठी' असे लिहिलेले, वजनानुसार ठरवलेले आणि पशुवैद्यकांनी सुचवलेले असावे. अगदी लहान पिल्लांसाठी फणी हेच सर्वांत सुरक्षित साधन आहे. पिसू गिळल्याने पट्टकृमी होतो. तेव्हा जंतनाशकाविषयीही त्याच वेळी विचारावे.

दुसरे कारण शेताशी निगडित आहे. ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक रक्त गोठण्याची क्रिया थांबवते. आमिष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर काही दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि नाकातून, लघवीतून किंवा त्वचेखाली रक्तस्राव होतो. या प्रसंगी 'के-१' जीवनसत्त्व हा खरोखरीचा उतारा आहे. मात्र 'के-३' स्वरूप येथे उपयोगी पडत नाही, आणि मात्रा व कालावधी पशुवैद्यकांनीच ठरवायचा असतो. एकच जीवनसत्त्व, पण योग्य रूपात दिले तर प्राण वाचतात. चुकीच्या रूपात दिले तर मोलाचा वेळ जातो. आमिष टाकल्यानंतर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे ही वेळच येणार नाही. झिंक फॉस्फाइडच्या आमिषाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, अशी तक्रार असेल तर ती अशक्तपणाची नसून मूत्रमार्ग अडल्याची असते. अशा वेळी पूरक आहाराचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपाशी मांजराला पुन्हा अन्नावर आणणे

उपवास मांजराला सोसत नाही. अन्न थांबले की अंगातील चरबी यकृताकडे येऊ लागते आणि तेथे साचून यकृत निकामी होऊ शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. म्हणून प्रौढ मांजराने पूर्ण २४ तास अन्न घेतले नाही तर पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा; पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट पाहू नये. डोळ्यांत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा दिसल्यास विलंब करू नये.

विश्रांतीच्या स्थितीत मांजराला लागणारी ऊर्जा काढण्याचे सोपे सूत्र असे : वजन किलोमध्ये घेऊन त्याला ३० ने गुणावे आणि त्यात ७० मिळवावेत. ३ किलोच्या मांजराला सुमारे १६०, तर ४ किलोच्या मांजराला सुमारे १९० किलोकॅलरी लागतात. परंतु तीन-चार दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी एवढे देऊ नये. एकदम भरपूर अन्न मिळाल्यास रक्तातील पोटॅशियम व स्फुरद झपाट्याने खाली येतात आणि त्यातून जीवावर बेतू शकते. पहिल्या दिवशी पाव ते एक-तृतीयांश ऊर्जा चार ते सहा भागांत द्यावी आणि तीन ते पाच दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे.

अन्न मऊ, ताजे आणि कोमट असावे. कोमट अन्नाचा वास मांजराला लवकर खुणावतो. उकडलेल्या कोंबडीचे बारीक केलेले मांस काही दिवसांपुरते चालते. कायमच्या आहारासाठी मांजराकरिता बनवलेले संपूर्ण खाद्य हवे. कुत्र्याचे खाद्य त्याची जागा घेऊ शकत नाही.

मांजर स्वतः खात नसेल तर तोंडात भरविण्याची घाई करू नये. पशुवैद्यकांनी सांगितल्यास सुई नसलेल्या सिरिंजने भरवावे. मांजराला पोटावर बसवून डोके सरळ ठेवावे, वर उचलू नये. सिरिंज सुळ्यामागच्या फटीतून, बाजूने आत न्यावी. एका वेळी १ मिलिलिटरहून अधिक सोडू नये, आणि ते गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा थेंब द्यावा. खोकला आला किंवा लाळ गळू लागली तर थांबावे. ग्लानीत असलेल्या, धापा टाकणाऱ्या किंवा उलट्या करणाऱ्या मांजराला तोंडाने काहीही पाजू नये. अन्न फुप्फुसात जाते. तेल किंवा तूप पाजण्याची प्रथा याच कारणासाठी धोक्याची आहे. गोळी कोरडी दिल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते. तेव्हा गोळीनंतर ५ ते ६ मिलिलिटर पाणी हळूहळू द्यावे. औषध संपूर्ण आहारात मिसळू नये. कडू चव लागली तर मांजर त्या अन्नाकडे कायमची पाठ फिरवते.

पूरके केव्हा द्यावीत?

आतड्यांच्या जुनाट आजारात 'ब-१२', मूत्रपिंडाच्या काही रुग्णांत पोटॅशियम, सिद्ध झालेल्या उणिवेत टॉरिन किंवा थायमिन, अशी पूरके पशुवैद्यक देतात आणि त्यांचा निश्चित लाभ होतो. पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला कंप किंवा आचके आले तर रक्तातील कॅल्शियम खाली आलेले असू शकते. अशा वेळी तिला शिरेवाटे, नियंत्रित मात्रेत कॅल्शियम द्यावे लागते. ते काम दवाखान्याचे आहे, बाटलीचे नव्हे.

विस्तार कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

१. मांजराने शेवटचे अन्न केव्हा घेतले? पाणी पिते का, लघवी होते का?
२. हिरड्यांचा रंग कसा आहे? गुलाबी, पांढरा, पिवळा की तपकिरी?
३. फणी केली तर काळी कणी निघते का? ओल्या कागदावर तांबूस वलय उमटते का?
४. गेल्या आठवड्यात घरी किंवा शेजारी उंदरांचे आमिष, गोचिडांचे औषध किंवा फवारणी झाली आहे का?
५. आतापर्यंत मांजराला काय काय दिले? बाटली किंवा पाकीट दाखवता येईल का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर देताना लोक संकोचतात. रागावल्यास बाटली लपवली जाते आणि पशुवैद्यकांना आवश्यक असलेली माहिती हरवते. म्हणून हा प्रश्न सौम्यपणे विचारावा आणि बाटली दवाखान्यात सोबत नेण्यास सांगावे. शासनाचा १९६२ हा क्रमांक मुख्यत्वे पशुधनासाठी असला, तरी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची चौकशी तेथे करता येईल. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी परळ, शिरवळ, नागपूर आदी ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा आधार घ्यावा.

वजन न करता, पिकाची अवस्था न पाहता आणि कीड न ओळखता फवारणी करू नये, असे आपण शेतकऱ्याला नेहमी सांगतो. आजारी मांजराच्या तोंडात काही घालण्यापूर्वी हीच शिस्त पाळावी : आधी कारण ओळखावे, मग वजन करावे, लेबल वाचावे आणि पशुवैद्यकांना विचारावे. तोवर त्याला उबेची जागा, स्वच्छ पाणी आणि कोमट, बिनमसाल्याचे मांस द्यावे. तेवढे प्रत्येक घरात होण्यासारखे आहे.